चरित्रकोशाचे अ‍ॅप आणि सगळे थॉमस

चरित्रकोश चांगला की वाईट, हे कोपर्निकस किंवा आर्किमिडीज शोधून कळत नाही, कारण ते कुठेही सापडतात. कोशाचा खरा कस लागतो तो सामाईक नावांवर. म्हणून तीन महिन्यांपूर्वी वर्गणी भरून घेतलेल्या या मराठी चरित्रकोशाच्या अ‍ॅपमध्ये मी ‘थॉमस’ हे एकच नाव धरून बसलो. अरामी भाषेत या नावाचा अर्थच ‘जुळा’ असा आहे, त्यामुळे परीक्षेसाठी दुसरे नाव शोधण्याची गरज वाटली नाही.

सर्वांत अवघड प्रकरण इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या दरबाराचे. वुल्सी, मोर, क्रॉमवेल आणि क्रॅन्मर हे चौघेही थॉमस आणि चौघेही राज्याच्या किंवा चर्चच्या सर्वोच्च पदांवर. अ‍ॅपमध्ये प्रत्येक नावाशेजारी जन्म-मृत्यूची वर्षे आणि एका ओळीत ओळख दिलेली असल्यामुळे इथे गोंधळ होत नाही. राजद्रोहाच्या आरोपाखाली लंडनला नेले जात असताना १५३० मध्ये वाटेतच वारलेला तो वुल्सी. १५३५ मध्ये शिरच्छेद झालेला मोर. त्याच मार्गाने १५४० मध्ये गेलेला क्रॉमवेल. आणि हेन्रीच्या पश्चातही टिकून राहिलेला, पण मेरी राणीच्या कारकिर्दीत १५५६ मध्ये जिवंत जाळला गेलेला क्रॅन्मर. नोंदी लिहिणाऱ्याने या चौघांना एकमेकांशी नीट जोडून दिले आहे. त्याहून मला आवडली ती आर्चबिशप थॉमस बेकेटची नोंद. कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये ११७० मध्ये मारल्या गेलेल्या या थॉमसचे समाधिस्थान १५३८ मध्ये हेन्रीच्या हुकमाने उद्ध्वस्त झाले, आणि तेव्हा चर्चचा कारभार क्रॉमवेलच्या हाती होता. एका थॉमसच्या नोंदीतून दुसऱ्याच्या नोंदीत नेणारा हा दुवा छापील कोशात पाने उलटूनच शोधावा लागला असता.

अ‍ॅप अडखळते ते लेखनाच्या प्रश्नावर, आणि ही त्रुटी किरकोळ नाही. ‘युटोपिया’ (१५१६) लिहिणारा मोर आणि आयरिश कवी मूर (१७७९–१८५२) या दोघांचीही नावे इथे ‘थॉमस मूर’ अशीच लिहिली आहेत. इंग्रजी स्पेलिंगमधला फरक देवनागरीत आणताना पुसला गेला, आणि नवख्या वाचकाला वर्षांकडे लक्ष देण्यावाचून गत्यंतर उरले नाही. उलट, जर्मन कादंबरीकार टॉमस मान आणि स्पेनमधील धर्मन्यायसभेचा प्रमुख तोमास दे तोर्केमादा हे ‘थॉमस’ शोधल्यावर येतच नाहीत, कारण अ‍ॅप केवळ अक्षरे जुळवते. उच्चाराप्रमाणे लिहिणे योग्यच आहे, परंतु एका नावाची ही रूपे परस्परांना जोडायला नकोत काय? शिवाय यादी लोकप्रियतेनुसार लावल्यामुळे एडिसन सर्वांत वर आणि तेराव्या शतकातला धर्मचिंतक अक्वायनस पार तळाशी जातो. कालक्रमाने यादी लावण्याची सोय कुठेही सापडली नाही.

आता हॉवर्ड घराणे. नॉर्फकचे दुसरे, तिसरे आणि चौथे ड्यूक हे तिघेही थॉमस हॉवर्ड. तिसरा दुसऱ्याचा मुलगा, चौथा तिसऱ्याचा नातू. हेन्रीची राणी अ‍ॅन बुलीन हिचा मामा असून तिच्याच खटल्यात १५३६ मध्ये प्रमुख म्हणून बसलेला तो तिसरा. होल्बाइनने रंगवलेले त्याचे प्रसिद्ध चित्र अ‍ॅपने त्याच्या वडिलांच्या, म्हणजे १५२४ मध्येच वारलेल्या दुसऱ्या ड्यूकच्या नोंदीवर लावले होते. मी तक्रार पाठवली, तर आठवड्याभरात आभाराचे पत्र आले आणि चित्रही हलवले गेले. काल पाहिले, तर ते आता चौथ्या ड्यूकच्या, म्हणजे नातवाच्या नोंदीवर आहे. दुसरी तक्रार आजच पाठवली आहे.