घरी जाताना नळी ठेवून घ्यावी, की स्वतः घालायला शिकावी?

एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार. त्यासाठी आतड्याचं ऑपरेशन झालं, काही दिवसांनी लघवीची नळी काढली, आणि लघवी उतरेचना. मिरजेच्या वॉर्डात हे माझ्या वाट्याला आलं. सोनोग्राफीत, लघवीला जाऊन आल्यावरही ३५० मिली शिल्लक दिसली. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: फुग्याची नळी पुन्हा घालून पिशवीसकट घरी जा, किंवा दिवसातून ठरावीक वेळा स्वतः बारीक नळी घालून मूत्राशय रिकामं करायला शिका. संध्याकाळच्या राउंडपर्यंत ठरवायचं होतं. तुम्हीही तशाच अडकला असाल तर हे वाचा.

आधी एक गोष्ट मनातून काढा: तुमचं काही चुकलेलं नाही. मूत्राशयाला आकसायला सांगणाऱ्या नसा कमरेखालच्या हाडातून निघतात आणि गुदाशयाच्या दोन्ही बाजूंनी, गर्भाशयाला मागून धरणाऱ्या बंधांजवळून पुढे जातात. हा आजार खोल रुजतो तो नेमका तिथेच. आतड्यावरची गाठ वरवर खरवडली तर नसांना धक्का कमी बसतो. आतड्याचा तुकडा काढून खूप खाली जोड दिला, किंवा दोन्ही बाजूंना खोल काम करावं लागलं, तर जास्त. दुखावलेली नस सावरायला आठवडे, कधी महिने घेते. बहुतेक जणींची लघवी परत येते. प्रश्न मधल्या काळाचा आहे.

आत ठेवलेल्या फुग्याच्या नळीचं सुख उघड आहे. काही शिकायचं नाही, रात्री उठायचं नाही. ऑपरेशनच्या थकव्यात हे थोडं नाही. पण नळी आत राहते त्या प्रत्येक दिवशी जंतू शिरण्याची शक्यता वाढत जाते. पिशवी सतत मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर ठेवायची, जमिनीला टेकू द्यायची नाही, आणि कॉटवरून उठताना नळी ओढली जाणार नाही हे बघायचं. मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच: मूत्राशय जागं झालं का, हे कळतच नाही. ते पाहायला दर वेळी दवाखाना. नळी काढा, पाणी प्या, दिवसभर बसा, सोनोग्राफी करा, नाही जमलं तर पुन्हा नळी. सांगलीतल्या बाईला मिरज जवळ. जतहून एसटीने येणारीला प्रत्येक फेरी म्हणजे अख्खा दिवस, आणि सोबत कुणीतरी हवंच.

स्वतः नळी घालायचं म्हटल्यावर मला रडू आलं होतं. पण बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असतो, आणि नळी १२ किंवा १४ नंबरची, म्हणजे पेन्सिलीपेक्षाही बारीक. सिस्टरनी आरसा धरून दाखवलं. तिसऱ्या दिवशी आरसा लागेना, बोटांनीच जागा कळायला लागली. हात साबणाने स्वच्छ धुतलेले हवेत. ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही. अमेरिकेतल्या डॉ. जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये हीच पद्धत मांडली: मूत्राशय वेळेवर रिकामं होणं जास्त महत्त्वाचं. साधारण ४ ते ६ वेळा, आणि एका वेळी ४००-५०० मिलीच्या वर साठू द्यायचं नाही.

अडचण घराची आहे. सामाईक संडास, उकिडवं बसायचं भांडं, दाराबाहेर वाट बघणारी माणसं. मी न्हाणीघरात प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, एक पाय त्यावर. एसटी स्टँडवर मात्र जमलं नाही; प्रवास त्या वेळा धरूनच केला.

पण दर वेळी आधी नळीशिवाय लघवी करून बघायची, मग नळी घालून उरलेली लघवी जगमध्ये मोजून वहीत लिहायची. माझ्या वहीत ३२० होतं, मग २४०, मग १५०. हे आकडे मला घरी बसून कळत होते. शिल्लक सलग १०० च्या खाली यायला लागली तेव्हा डॉक्टरांनी वेळा कमी केल्या.

म्हणून माझा कौल स्वतः घालायच्या बाजूने आहे. मात्र मूत्राशयाची भिंतही कापून शिवली असेल, तर टाके भरेपर्यंत आतली नळी हवीच, तिथे निवड नाही. हात थरथरत असतील किंवा अंगात उठायचंच त्राण नसेल, तर पहिला आठवडा-दोन आठवडे पिशवी घ्या, मग शिका.

‘थांबून बघते, जोर केला की होईल’ ही तिसरी वाट नको. ताणून फुगलेलं मूत्राशय आणखी दुबळं होतं. सासूबाईंनी धने-जिऱ्याचं पाणी दिलं, ते प्यायले. त्याने नस जागी होत नाही. तसंच, लघवीच्या रिपोर्टमध्ये जंतू दिसले पण त्रास काहीच नाही, तर मनाने अँटिबायोटिक घेऊ नका.

थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, किंवा पोट फुगूनही नळीतून काही न येणं, यात रात्र काढू नका. आणि ऑपरेशननंतर काही दिवसांनी योनीतून सतत पाणी झिरपायला लागलं, तर ते अंगावरचं पांढरं समजून गप्प बसू नका. ती लघवी असू शकते, मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला पडलेल्या छिद्रातून येणारी. त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना गाठा.