धुम परत आणणारी आयसी : टीपीए६१३२ए२, चार महिन्यांच्या वापरानंतर

“माझी धुम खंय गेली गो?”

बाबांनी हेडफोन कानावरून काढला, माझ्या पुढ्यात धरला आणि हे विचारलं. तिथून हे सगळं सुरू झालं.

आम्ही लालबागला चाळीत राहतो. बाबा गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, पखवाज सुटला नाही. भजन मंडळाच्या डबलबाऱ्यांच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यांच्या, सोळा-सतरा कॅसेट घरात होत्या. मागच्या पावसाळ्यात मी त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि एका छोट्या प्लेअरमध्ये भरून बाबांना दिल्या. खोली दहा बाय बाराची, मुलगी बारावीला, त्यामुळे रात्री स्पीकर लावायची सोय नाही. बाबांची झोप कमी झालीय आणि ऐकायची वेळ तीच, म्हणून हेडफोन.

पखवाज ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना ठाऊक असेल, डाव्या अंगाला, म्हणजे धुमेला, कणीक लावतात. कणकेचा गोळा किती, पाणी किती, यावर तिचा घुमारा ठरतो. बाबा डबलबारीच्या दिवशी दुपारपासून कणकेकडे लक्ष ठेवून असत. त्या माणसाला हेडफोनमध्ये उजव्या अंगाच्या शाईची थाप लख्ख ऐकू येत होती, चकी (झांज) ऐकू येत होती, बुवांचा आवाज तर शेजारी बसल्यासारखा. धुम मात्र नुसती ‘टप’ वाजत होती. मला आधी वाटलं, वयाचा कान आहे. मग मी स्वतः ऐकलं. बाबांचं खरं होतं.

मी गेली बावीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं काम करते, घराच्या पोटमाळ्यावरच बाक आहे. प्लेअर उघडला. हेडफोनच्या जॅकआधी आवाज वाढवणारी, आठ पायांची जुन्या धाटणीची आयसी, म्हणजे चिप, आणि तिच्या दोन्ही आउटपुटना एकेक ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. चोर तिथेच सापडला.

एकाच बॅटरीवर चालणाऱ्या अशा आयसीचं आउटपुट शून्यावर बसत नाही, बॅटरीच्या निम्म्या व्होल्टेजवर बसतं. ते स्थिर व्होल्टेज (डीसी) हेडफोनच्या कॉइलमध्ये जाऊ नये म्हणून मध्ये कपॅसिटर घालावा लागतो. हा कपॅसिटर आणि हेडफोनचे ओहम मिळून खालचे सूर कापतात. ४७ मायक्रोफॅरड आणि ३२ ओहम यांचा हिशेब केला तर सुमारे १०६ हर्ट्झ येतात. तिथे आवाजाची पॉवर निम्मी झालेली असते आणि त्याखाली ती उतरतच जाते. धुमेचं सगळं पोट त्याच भागात. कपॅसिटर ४७० चा टाकला तर हा आकडा दहा-अकरा हर्ट्झवर येतो, पण एवढा मोठा डबा त्या प्लेअरमध्ये मावणार कुठे? शिवाय प्लेअर सुरू करताना तो कपॅसिटर हेडफोनमधूनच भरतो आणि कानात ‘ठप्प’ होतं. मोठा कपॅसिटर, मोठा ठप्पका. बाबांना त्याची इतकी सवय झाली होती की आधी बटण दाबायचं, चार अंक मोजायचे आणि मग हेडफोन चढवायचा.

त्या जागी मी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए६१३२ए२ बसवली. त्या आयसीबद्दल हे लिहितेय, कारण मराठीत या गोष्टींवर कुणी सावकाश बसून लिहीत नाही आणि आपल्याकडे असे प्लेअर, रेकॉर्डर, छोटे रेडिओ दुरुस्त करणारे हात पुष्कळ आहेत.

आयसी ३ मिलीमीटर बाय ३ मिलीमीटरची, तांदळाच्या कणीएवढी म्हटलं तरी चालेल. सोळा पिना, दोन पिनांमधलं अंतर ०.५ मिलीमीटर. आत दोन चॅनलचा हेडफोन अॅम्प्लिफायर आणि त्याच्या जोडीला चार्ज पंप. हा पंप काय करतो ते चाळीतल्या माणसाला लगेच समजेल. नळाखाली कळशी भरायची, ती उचलून खालच्या अंगणात न्यायची आणि तिथे ओतायची. हे इतक्या भराभर करायचं की खालच्या पिंपातही पाणी कायम राहील. इथे कळशी म्हणजे एक छोटा सिरॅमिक कपॅसिटर. तो बॅटरीच्या बाजूने भरतो आणि ग्राउंडच्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या, खाली रिकामा होतो, त्यातून उणे व्होल्टेज तयार होतं. अधिक आणि उणे दोन्ही हाताशी आल्यावर आउटपुट बरोबर शून्यावर बसतं. मग हेडफोनच्या वाटेत कपॅसिटर लागतच नाही. कंपनी याला डायरेक्टपाथ म्हणते. मॅक्सिमच्या आयसींमध्ये हीच कल्पना डायरेक्टड्राइव्ह नावाने येते.

पॉवर एका चॅनलला २५ मिलीवॅट. आकडा लहान वाटतो, पण १ मिलीवॅटला १०० डेसिबल देणारा साधा हेडफोन २५ मिलीवॅटवर ११४ डेसिबलपर्यंत जातो, म्हणजे कानाला सोसवणार नाही इतका. मी बोर्ड खिशात घालून चिंचपोकळीहून ठाण्याला स्लो लोकलने गेले, सायनच्या पुढे गाडी खडखडत होती तेव्हाही व्हॉल्यूम निम्म्याच्या वर न्यावा लागला नाही.  

बॅटरीच्या बाबतीत या आयसीने मला खरोखर खूश केलं. २.३ ते ५.५ व्होल्ट काहीही द्या, कमाल पॉवर तेवढीच मिळते. लिथियमची बॅटरी भरल्यावर ४.२ असते आणि उतरत उतरत तीनच्या जवळ येते. जुन्या प्लेअरमध्ये शेवटच्या अर्ध्या तासात गजर चिरका व्हायचा, बुवांनी तान वर नेली की आवाज फाटायचा. आता प्लेअर बंद पडेपर्यंत आवाज एकसारखा असतो. आणि आयसी नुसती बसलेली असताना २.१ मिलिअँपिअर पिते, त्यामुळे चार्जिंगच्या वेळापत्रकात काहीच फरक पडला नाही.

आता बसवण्याबद्दल. हे काम सोपं नाही आणि ते सोपं आहे असं मी कुणाला सांगणार नाही. पिना पोटाखाली आहेत, इस्त्रीसारखी सोल्डरिंग आयर्न फिरवून भागत नाही. मी अॅडाप्टर बोर्ड घेतला, पॅडवर सोल्डर पेस्टचा अगदी पातळ थर दिला, आयसी ट्वीझरने ठेवली आणि हॉट एअर मारली. पेस्ट वितळली की आयसी स्वतःच किंचित सरकून जागेवर बसते. तो क्षण डोळे भरून बघण्यासारखा असतो. माझी पहिली आयसी मात्र वाया गेली. मधल्या पॅडला पेस्ट जास्त झाली, आयसी तरंगली आणि एका बाजूच्या चार पिना टेकल्याच नाहीत. भिंगाखाली तिरकं धरून पाहिलं तेव्हा कळलं.

आणि त्याआधीची एक गोष्ट. लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीत मला याच नावाचे पाच नग स्वस्तात मिळाले होते. घरी आणून थिनरने पुसले तर नावाची अक्षरं बोळ्यावर उतरली आणि खाली दुसरंच काहीतरी छापलेलं निघालं. लावून पाहिले, एकही बोलला नाही. नंतर अधिकृत वितरकाकडून मागवले, नग दीडशेच्या आसपास पडला. ग्रँट रोड स्टेशनला उतरून त्या रस्त्याने फिरणं मला अजूनही आवडतं, जॅक, वायर, पेस्ट, बॅटरी मी तिथूनच घेते. पण एवढ्या छोट्या आयसीसाठी पावती देणारा वितरकच बरा.

आयसी लागली, आवाज आला, धुमही आली. पण मागे बारीक ‘किर्र’ होती आणि प्लेअर मेमरी कार्ड वाचायला गेला की ती वाढायची. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. चूक माझीच होती. या आयसीला एसजीएनडी नावाची एक पिन आहे. ही नेहमीची ग्राउंड नव्हे. आयसी या पिनेवरून बघते की हेडफोनच्या दृष्टीने शून्य कुठे आहे, आणि आपलं आउटपुट त्या शून्याला धरून ठेवते. म्हणून तिची वायर थेट हेडफोन जॅकच्या ग्राउंडला जायला हवी. मी ती सवयीने जवळच्या ग्राउंडला टेकवली होती, जिथून प्रोसेसरचा सगळा करंट परत जात होता. बोर्डावरचा तो जोड ब्लेडने तोडला, केसाएवढी एनॅमलची तार जॅकपर्यंत नेली, जोडली आणि हेडफोन लावला. काहीच ऐकू आलं नाही. प्लेअर चालू आहे की बंद, हे बघायला मला दिवा बघावा लागला. ज्यांना कुणाला ही आयसी लावून किरकिर ऐकू येत असेल, त्यांनी सगळ्यात आधी ही पिन बघावी.

ठप्पक्याबद्दलही सांगते. आयसी सुरू-बंद होताना स्वतःचा आवाज करत नाही, हे खरं. पण तिच्या आधीचा डीएसी, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाज करणारा भाग, जागा होताना जो धक्का देतो, तो आयसी इमानदारीने हेडफोनपर्यंत पोचवते. म्हणून ईएन, म्हणजे आयसी चालू-बंद करणारी पिन, कायमची चालू बांधू नका. मी ती प्रोसेसरच्या एका पिनेवर घेतली आणि डीएसी सुरू झाल्यावर अर्ध्या सेकंदाने आयसी जागी केली. त्यानंतर पूर्ण शांतता. बाबा तरी पहिला महिनाभर बटण दाबून चार अंक मोजतच होते. एका रात्री पाहिलं, आधी हेडफोन चढवला, मग बटण.

गेन, म्हणजे आयसीने आवाज किती वाढवायचा ते, दोन पिनांवरून ठरतो : −६, ०, ३ किंवा ६ डेसिबल, एवढेच चार पर्याय. बाबांच्या ३२ ओहमच्या कानभर हेडफोनला ० ठीक बसला. मुलीचे कानात घालायचे इअरफोन १६ ओहमचे आणि फार संवेदनशील आहेत, त्यांत ६ वर हलकी सळसळ ऐकू येते. −६ वर ती मला शोधूनही सापडली नाही. मात्र स्टुडिओतला ३०० ओहमचा मोठा हेडफोन लावाल तर व्होल्टेज पुरणार नाही. मी एकाचा मागून आणून लावून पाहिला, आवाज स्वच्छ होता पण लांबून आल्यासारखा. त्या कामाची ही आयसी नाही.

रेडिओवाल्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. चार्ज पंप असलेली कुठलीही आयसी आत सतत उघडझाप करत असते आणि त्याचे पडसाद मिडियम वेव्हच्या पट्ट्यात पडू शकतात. बाबांचा सकाळचा रेडिओ ५५८ किलोहर्ट्झच्या अस्मिता वाहिनीवर असतो. उघडा बोर्ड त्याला खेटून ठेवला की बारीक शीळ यायची. दोन हात लांब नेला की बंद. पुढे बोर्डाभोवती तांब्याची पट्टी लावून ती ग्राउंड केली आणि चार्ज पंपाचे कपॅसिटर पिनांना अगदी चिकटून लावले, तेव्हापासून शेजारी ठेवला तरी शीळ नाही. पण एएम रेडिओच्याच डब्यात ही आयसी बसवायची असेल तर मी दोनदा विचार करेन.

दुसरं काय घेता येईल? हॉट एअर नसेल तर मॅक्सिमची मॅक्स४४१० बघा. तिच्या टीएसएसओपी या पॅकेजच्या प्रकाराला चौदा पाय आहेत आणि ते बाहेर असतात, आयर्नने लागतात. पॉवरही १६ ओहमला ८० मिलीवॅट. पण तिला ३.६ व्होल्टच्या वर चालत नाही, म्हणजे लिथियम बॅटरीवर मध्ये रेग्युलेटर आलाच. व्हॉल्यूम प्रोसेसरमधून आय-स्क्वेअर-सीने (दोन तारांच्या डिजिटल जोडणीने) फिरवायचा असेल तर टीपीए६१३२ए२ चीच बहीण टीपीए६१३०ए२ आहे, नोकियाच्या एन९०० फोनमध्ये ती होती. आणि अगदी शिकाऊ हातांसाठी फिलिप्सच्या काळातली टीडीए१३०८ अजूनही चांगली : आठ पाय, ३ ते ७ व्होल्ट, गोड आवाज. फक्त आउटपुटचे कपॅसिटर आले, आणि ते कंजूषपणे ४७ चे टाकू नका, जागा असेल तर ४७० घाला.

आवाजाचं म्हणाल तर मी एकच जागा सांगते. १९८९ च्या एका डबलबारीत गजर चढत जातो, टाळ थांबतात आणि बाबांचा हात एकटा उरतो. शाईवर बोटं धावतात आणि शेवटी धुमेवर तळहात पडून किंचित दाबत पुढे सरकतो, तो आवाज खालून वर वळतो. कॅसेटवर ते होतं. जुन्या प्लेअरमधून नुसती थाप यायची, हात सरकल्याचं कळायचंच नाही. नवीन बोर्डावरून पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा बाबांचा डावा हात मांडीवर आपोआप तसाच सरकला. म्हणाले, “हां. आता इली.”

मंडळातल्या चकीवाल्या काकांनी आता असाच बोर्ड मागितलाय. त्यांच्याकडे कानात घालायचे १६ ओहमचे इअरफोन आहेत, म्हणजे गेन −६ वर. आयसी घरात आहेत. जॅक आणि तांब्याची पट्टी आणायला शनिवारी ग्रँट रोडला जाईन.