जिप्सी किंगला टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप: नऊ महिन्यांनंतर

माझी मारुती जिप्सी किंग १९९८ ची, कार्बोरेटरवाली (इंजिनला पेट्रोल-हवा मिसळून देणारा भाग), १२९८ सीसी. गेल्या पावसाळ्यानंतर तिला एकच दुखणं लागलं होतं. चिपळुणात दिवसभर फिरवा, काही नाही. कराडला निघालो आणि पोफळी सोडून कुंभार्ली घाट लागला, की आधी झटके, मग मिसिंग, आणि चार वळणांत बंद. दहा मिनिटं कडेला थांबलं की पुन्हा चालू.

कार्बोरेटरचं किट बदललं, प्लग बदलले, कॉइल बदलली. शेवटी एका मिस्त्रींनी बॅटरीच्या बाजूला टाकीतून पेट्रोल ओढणारा इलेक्ट्रिक पंप बसवून दिला. दोन आठवडे बरे गेले आणि घाटात पुन्हा तेच. मग मी स्वतःच मागे लागलो.

कार्बोरेटरला येणारा पाइप काढून बाटलीत सोडला आणि इंजिन बंद ठेवून पंप चालवला. (गार गाडीवर, मोकळ्या जागेत करा.) धार थुंकत येत होती, मध्येच फेस. मग पंपाचा ओढणारा पाइप टाकीऐवजी पेट्रोलच्या कॅनमध्ये बुडवला, तर सलग जाड धार. म्हणजे कार्बोरेटरही ठीक, पंपही ठीक. दोष पंप आणि टाकी यांच्यामध्ये. टाकीचं झाकण उघडताना सुस्स असा आवाज येत नव्हता, म्हणून हवेचं भोक बुजल्याची शंकाही गेली.

गाडीखाली झोपलो. टाकीचं तोंड आणि चासीवरची लोखंडी नळी यांना जोडणारा वीतभर रबरी पाइप बाहेरून कोरडा होता, पेट्रोलचा वासही नाही. हातात घेऊन वाकवला, तर आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या बारीक भेगा उघडल्या. पंपाच्या पुढे भेग पडली तर पेट्रोल ठिबकतं आणि दिसतं. पंपाच्या मागे ठिबकत नाही, तिथे पाइप एअर घेतो. चढावर टाकी खाली, इंजिन वर, पेट्रोलची मागणी जास्त. तिथेच ओढ कमी पडायची. जुनं रबर इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लवकर खराब होतं, म्हणून नवा पाइप घेताना इथेनॉलला चालणाराच मागून घ्या आणि क्लिप पूर्ण गोल आवळणारी लावा.

आता पंपाबद्दल. हे पंप ढकलतात छान, ओढतात कमी. म्हणून तो इंजिनजवळून काढून टाकीशेजारी, खालच्या बाजूला बसवला, त्याच्या आधी फिल्टर. इंजिनवर चालणारा जुना मेकॅनिकल पंप काढून तिथे पट्टी आणि गॅस्केट लावलं, कारण त्याचा पडदा फाटला तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. गेजवर दाब ३ पीएसआय येतो, कार्बोरेटरला तेवढा पुरतो. दुकानात कुणी एमपीएफआय (इंजेक्शनवाल्या) गाडीचा पंप देऊ केला तर घेऊ नका. त्याचा दाब ४० पीएसआयच्या आसपास असतो. फ्लोटची नीडल, म्हणजे कार्बोरेटर भरला की पेट्रोल अडवणारी सुई, तो दाब अडवू शकत नाही आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन गरम इंजिनवर सांडतं. आणखी एक: पंपाची वायर ऑइल प्रेशर स्विचमधून (इंजिन फिरून ऑइलचा दाब आला तरच करंट सोडणारा) रिलेने घेतली आहे. अपघातात इंजिन बंद पडलं, की पंपही थांबलाच पाहिजे. यात कसूर करू नका.

नऊ महिन्यांत कुंभार्ली पंधरा-सोळा वेळा चढलो, त्यात मे महिन्यात भर दुपारी पाच माणसं आणि सामान घेऊन एकदा. एकदाही बंद पडली नाही. आठवडाभर उभ्या गाडीला पूर्वी बराच वेळ स्टार्टर मारावा लागायचा. आता ऑइल प्रेशर येईपर्यंतच मारतो, मग पंप चालू होऊन बाउल (कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी) लगेच भरतो. कमी इतकंच, की गरम गाडी बंद करून पंधरा मिनिटांनी चालू केली तर दोनेक मिनिटं थरथरते. ती कार्बोरेटरला लागलेली उष्णता आहे, पंप त्यावर उपाय नाही. पंपाची टिकटिक आयडलला आत ऐकू येते. मला ती आवडते, कारण चाल बदलली की फिल्टर पाहायचा हे लगेच कळतं.

पहिल्या महिन्यात दोन फिल्टर तांबड्या गंजाने भरले. तिसरा चार महिने स्वच्छ राहिला, आता पुन्हा तळाशी पूड दिसते आहे. दिवाळीआधी टाकी उतरवून आतून धुऊन घेणार आहे.