मॉर्गों: तिखट जेवणासोबत कित्येक महिने प्यायलेली फ्रेंच रेड

फ्रान्समधल्या ल्यों शहरात राहायला आल्यापासून आमच्या घरी रेड वाइन म्हणजे मॉर्गों असं ठरूनच गेलंय. वेगवेगळ्या उत्पादकांच्या बाटल्या आणून झाल्यात, त्यामुळे ठामपणे लिहिते: आपल्या मसालेदार जेवणाला याहून चांगली साथ देणारी फ्रेंच रेड मला अजून मिळालेली नाही.

ल्योंच्या उत्तरेचा वाइनचा प्रदेश बोजोले म्हटलं की बहुतेकांना आठवते ती नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणारी ‘नूव्हो’, ताजी ताजी पिऊन संपवायची. मॉर्गों त्याच प्रदेशातली आणि त्याच गामे द्राक्षाची, पण ही बोजोलेच्या दहा ‘क्रू’, म्हणजे वरच्या दर्जाच्या वाइनसाठी मान्यता मिळालेल्या, गावांपैकी एकाची वाइन. लेबलवर बऱ्याचदा ना बोजोले लिहिलेलं असतं ना गामे, नुसतं मॉर्गों. दुकानात शोधताना हे लक्षात असू द्या.

गामेला जुनी बदनामी आहे. बरगंडीचा ड्यूक फिलिप याने 1395 मध्ये या वेली उपटून टाकायचं फर्मान काढलं, कारण भरघोस पीक देणारं हे द्राक्ष पिनो न्वार या बरगंडीच्या मानाच्या काळ्या द्राक्षाच्या जागेवर पसरत होतं. पुढे डीएनए तपासणीत गामे हे पिनोचंच अपत्य निघालं! दक्षिणेकडच्या बोजोलेच्या ग्रॅनाइटवर त्याला मनासारखी जमीन मिळाली. आजही चांगली मॉर्गों इथे साधारण 15 ते 20 युरोंत येते; तेवढ्यात बरगंडीच्या नावाजलेल्या गावाची पिनो मिळणार नाही.

आता चव. ग्लासात ओतल्याबरोबर लाल चेरी आणि रासबेरीचा वास येतो. अर्ध्या तासाने तो मागे सरतो आणि मिरीचा, ओल्या दगडाचा वास वर येतो. घोट घेतला की आधी आंबटपणा जाणवतो, तोंडाला पाणी सुटतं, आणि शेवटी पिकल्या जांभळासारखा हलका तुरटपणा जिभेवर राहतो. हा तुरटपणा बेताचा असण्याला कारण आहे. इथे बरेच जण घड न फोडता अख्खेच टाकीत भरतात. तळचे मणी वजनाने फुटून आंबू लागतात, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड टाकीत भरतो आणि वरचे मणी सालीच्या आतच आंबायला लागतात. फळाचा वास टिकतो, तुरटपणा आणणारं टॅनिन कमी उतरतं. तिखटाबरोबर जास्त टॅनिनची वाइन कडवट लागते, जीभ आणखी भाजते. मॉर्गोंबरोबर मटणाचा रस्सा, भरली वांगी, अगदी शेंगदाण्याचं कूट घातलेली उसळसुद्धा निवांत खाता येते.

फक्त ती गार हवी, 14 अंशांच्या आसपास. पिण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. ल्योंच्या उन्हाळ्यात खोलीत तशीच ठेवलेली बाटली उघडली तर मद्यार्कच पुढे येतो, चेरी कुठल्या कुठे जाते.

गावातल्या गावातही फरक आहे. मॉर्गोंच्याच कोर्सलेत या भागातली वाळूमिश्रित ग्रॅनाइटवरची वाइन मऊ, सुगंधी. आणली की लगेच उघडावी. कोत द्यु पी ही सुमारे 350 मीटर उंचीची टेकडी, ठिसूळ, निळसर दगडाची. तिथली वाइन पहिल्या वर्षी आवळलेली वाटते, चार-पाच वर्षांनी मात्र तिच्यात चेरीच्या मद्याचा, जंगलातल्या पाचोळ्याचा वास उतरतो. माझं मन हिच्यावरच बसलंय.

तक्रार एकच. सल्फाइट (वाइन टिकवणारं रसायन) न घातलेली एक बाटली तबेल्याच्या वासाची निघाली, ओतूनच द्यावी लागली. अशा बाटल्या थंड जागेत ठेवणाऱ्या दुकानातूनच घ्या. आणि गडद, जड, ओकचा वास मारणारी रेड आवडत असेल तर मॉर्गोंच्या वाटेला न जाता बोर्दो या दुसऱ्या फ्रेंच प्रदेशाची रेडच घ्या.