‘साठ तास चाललेलं’ लाइफबोटचं इंजिन: शिडाच्या बोटीत बसवण्याआधी वाचा

शिडाच्या जुन्या फायबर बोटीचं इंजिन बदलायची वेळ आली की मुंबईत हमखास एक प्रस्ताव समोर येतो. गुजरातमधल्या अलंगला मोडीत निघालेल्या जहाजाच्या लाइफबोटमधून काढलेलं दोन सिलिंडरचं २४ एचपी डिझेल, मीटरवर फक्त ६० तास. ‘साहेब, जहाजावर ते कधी वापरलंच नाही.’ निम्मे पैसे आगाऊ, बाकीचे ट्रायलनंतर. सत्तरच्या दशकातल्या एका ३० फुटी बोटीत असं इंजिन बसवलं गेलं आणि पहिल्याच मोसमात बंद पडलं. ते उघडल्यावर जे दिसलं ते इथे देत आहोत. पावसाळ्यात बोट शाकारलेली असते, तेव्हाच असे व्यवहार होतात, म्हणून आत्ताच सांगणं बरं.

६० तास हा आकडा खोटाच असतो असं नाही, आणि फसगत तिथेच होते. सोलास, म्हणजे जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे लाइफबोटचं इंजिन दर आठवड्याला किमान ३ मिनिटं चालवावं लागतं. ३ गुणिले ५२ म्हणजे वर्षाला १५६ मिनिटं, साधारण २.६ तास. २३ वर्षांत झाले ६० तास. म्हणजे मीटर खरा असला तरी इंजिन बाराशेच्या आसपास वेळा थंड अवस्थेत सुरू झालं आणि गरम व्हायच्या आत बंद झालं. डिझेल इंजिनाला याहून वाईट काही नाही. सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल न जळलेलं डिझेल धुऊन काढतं, ज्वलनातली वाफ ऑइलमध्ये उतरते, तिचं आम्ल होतं आणि बेअरिंगचे शेल खातं. बरं, लाइफबोट पाण्याबाहेर टांगलेली असतानाही इंजिन ५ मिनिटं चालायला हवं, म्हणून पुष्कळ लाइफबोटींत एक्झॉस्ट कोरडा असतो. ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहतो त्यात खारी हवा आठवडाभर ये-जा करते. त्यावर जहाज मोडल्यानंतरचे एक-दोन पावसाळे उघड्यावर.

या इंजिनाच्या दुसऱ्या सिलिंडरच्या लायनरवर (आतल्या अस्तरावर) पिस्टन जिथे थांबलेला असायचा तिथे गंजाचा गोल पट्टा होता, नखाला सहज लागेल इतका खोल. पिस्टनच्या खालच्या दोन रिंगा खोबणीत गच्च बसल्या होत्या, त्याही कार्बनने नव्हे तर गंजाने. संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळाशी बोटभर जाडीचा पिवळट-पांढरा चिकट थर. आणि बाहेरून? झकास हिरवा रंग. रबरी नळ्यांवर, क्लिपांवर, अगदी ऑइल फिल्टरच्या काठावरही. जो कारागीर इंजिन खरोखर उघडून दुरुस्त करतो तो नळ्या काढून रंग मारतो. रबरावर रंग दिसला की इंजिन उघडलेलंच नाही असं समजा. नंबरप्लेटचे स्क्रू चकचकीत होते आणि प्लेटवरचा नंबर ब्लॉकवर कोरलेल्या नंबरशी जुळत नव्हता. हे बघायला दोन मिनिटं आणि एक टॉर्च पुरते.

ट्रायलचा देखावा ठरलेला असतो. गिऱ्हाईक पोचायच्या आत इंजिन अर्धा तास चालवून गरम केलेलं असतं, कारण थंड असताना ते पांढरा धूर सोडतं आणि स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो. म्हणून गेल्या गेल्या ब्लॉकला हात लावा. कोमट जरी लागला तरी ‘उद्या सकाळी मी आल्यावर सुरू करू’ म्हणून परत या. ऑइल मुद्दाम जाड भरतात, त्यामुळे प्रेशर गेज छान दाखवतो. डिपस्टिकवरचं ऑइल दोन बोटांत घासून बघा. चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण काढा: हलकी वाफ चालते, पण धुराचे दमदार भपकारे आले तर कॉम्प्रेशन रिंगांवरून खाली जातंय. इथे ब्रीदरची, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर सोडणारी, नळी गुपचूप बादलीत सोडलेली होती, ती काढायला लावायची. आणि स्टँडवर बिनलोड चालणाऱ्या इंजिनावरून काहीच कळत नाही, त्याला पंख्याचा (प्रोपेलरचा) भार नसतो. खरी कसोटी कॉम्प्रेशन गेजची, तो सिलिंडरमधला दाब मोजतो. डिझेल फवारणारं नोझल काढून दोन्ही सिलिंडर मोजा, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडा. दोन सिलिंडरांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तिथेच थांबा. विक्रेता ‘नोझल अडकलंय, काढता येणार नाही’ म्हणाला तर तेच उत्तर समजा.

दुसरी फसवणूक कूलिंगमध्ये होती, आणि ती जास्त संतापजनक, कारण ती बसवताना जाणूनबुजून केली. पुष्कळ लाइफबोट इंजिनं कीलखालच्या (बोटीच्या तळाच्या कण्याखालच्या) पाइपमधून गोडं पाणी फिरवून थंड होतात. शिडाच्या बोटीत हे इंजिन बसवायचं तर हीट एक्स्चेंजर, समुद्राच्या पाण्याचा पंप, मिक्सिंग एल्बो (इथे पाणी एक्झॉस्टमध्ये मिसळतं), वॉटरलॉक (एक्झॉस्टमधलं पाणी इंजिनात परतू न देणारा डबा) आणि अँटी-सायफन व्हॉल्व्ह (पाणी आपोआप ओढलं जाऊ न देणारा) हे सगळं नव्याने घ्यावं लागतं. ‘सगळं जोडून देतो’ म्हणणाऱ्याने हीट एक्स्चेंजर वाचवला आणि खारं पाणी थेट ब्लॉकमध्ये सोडलं. गोड्या पाण्याचा थर्मोस्टॅट ७५-८० अंशांच्या आसपास उघडतो. इतक्या तापमानाला खाऱ्या पाण्यातलं मीठ आणि क्षार जाकिटात, म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत, चिकटतात. गेज वर चढू नये म्हणून त्याने थर्मोस्टॅटच काढून टाकला. आता इंजिन कायम थंड, म्हणजे पुन्हा तोच ऑइलमध्ये पाणी उतरायचा रोग. अँटी-सायफन तर नव्हताच. पाणी जिथे एक्झॉस्टमध्ये मिसळतं ती जागा पाण्याच्या रेषेपासून १५० मिमीहून कमी उंच किंवा खाली असेल तर तो लागतोच, नाहीतर बंद इंजिनात समुद्र हळूहळू सिलिंडरपर्यंत भरतो. यादीतल्या प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी लिहून मागा. ‘फिटिंगसह’ या एका शब्दात हे सगळं गडप होतं.

पंख्याची दिशा कुणी विचारतच नाही. या बोटीचा जुना पंखा डावा होता, म्हणजे मागून बघताना घड्याळाच्या उलट फिरणारा. नवा गिअरबॉक्स शाफ्ट उजवीकडे फिरवत होता. तक्रार केल्यावर उत्तर मिळालं, ‘मग रिव्हर्स टाकून पुढे चालवा.’ काही गिअरबॉक्स दोन्ही दिशांना सारखाच भार घेतात, पण सगळे नाही. पुस्तकात तसं स्पष्ट छापलेलं असल्याशिवाय हे करू नका, क्लच जळतो. गिअरचं गुणोत्तर बदललं की पंख्याचा व्यास आणि पिचही (पात्यांचा तिरपेपणा) बदलावं लागतं. फुल थ्रॉटलला इंजिन कंपनीने दिलेल्या आरपीएमपर्यंत पोचत नसेल आणि काळा धूर निघत असेल तर पंखा जड आहे.

इंजिन ज्यावर बसतं त्या बेडकडे तर बघितलंही नव्हतं. जुन्या फायबर बोटीत इंजिनाचा बेड म्हणजे बहुधा फायबरमध्ये गुंडाळलेलं लाकूड किंवा प्लायवूड. बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून ते आतून कुजतं, वरून काही दिसत नाही. छोट्या हातोडीने ठोकत जा, आवाज भदभद आला तिथे ५ मिमीचं भोक पाडा आणि भुसा बघा. कोरडा, फिकट असला तर ठीक. काळपट, ओला असला तर आतलं लाकूड काढून इपॉक्सीत नवा बेड बांधणं आलं. जुन्या फायबरवर पॉलिस्टर रेझिनची पकड कमी, म्हणून इपॉक्सीच. इथे कुजक्या बेडवर लोखंडी अँगल ठेवून वरून लाकडी स्क्रू पिळले होते, आणि इंजिनाखालचे चार रबरी माउंट दोन वेगवेगळ्या कडकपणाचे होते. हे इंजिन गिअरबॉक्ससकट २०० किलोच्या वर. स्क्रू सुटले, शाफ्ट वाकडा धावू लागला आणि स्टर्न ग्लँडमधून (शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथल्या पाणीरोधक जोडातून) पाणी यायला लागलं.

इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणायची अलाइनमेंट बोट जमिनीवर असताना करून पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नका. फायबरची बोट पाण्यात उतरल्यावर आणि डोलकाठीचे ताण बसल्यावर आकार बदलते. एक-दोन दिवस पाण्यात राहू द्या, मग गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन्ही फ्लँजमधली (चकत्यांमधली) फट फिलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मोजा. १०० मिमी व्यासाच्या फ्लँजला ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. शेवटचा हप्ता या मोजमापानंतर.

बिलावर ‘जुनं मरीन इंजिन, १ नग’ एवढंच लिहून घेतलं तर पुढे हातात काही राहत नाही. मेक, मॉडेल, ब्लॉकवरचा नंबर, दोन्ही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, कूलिंगचा प्रकार, गिअरचं गुणोत्तर आणि शाफ्टची दिशा लिहून सही घ्या. ‘जसं आहे तसं’ हे शब्द असतील तर खोडायला लावा. आगाऊ रक्कम बँकेतूनच द्या. फसवणूक झालीच तर इंजिन लगेच खोलू नका. आधी नंबरप्लेट, ब्लॉकवरचा नंबर, मीटर आणि ऑइलचे फोटो काढा, विक्रेत्याला लेखी कळवा आणि त्रयस्थ सर्व्हेअरसमोर उघडा. खासगी वापराची बोट असेल तर ग्राहक आयोगात जाता येतं. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. संपमधलं ऑइल फेकू नका, एका स्वच्छ बाटलीत भरून तारीख टाका आणि सर्व्हेअरची सही घेऊन सीलबंद ठेवा.