यामाहा पॅसिफिका ११२व्ही : अकरा महिने वाजवल्यानंतर

वय बेचाळीस, हात लहान, सराव रात्री साडेदहानंतर घर झोपलं की. आधीच सांगून ठेवते, कारण गिटारीबद्दलचं मत हातागणिक बदलतं.

पॅसिफिका ही माझी दुसरी इलेक्ट्रिक गिटार. पहिलीची हकीगत सांगितल्याशिवाय हिचं कौतुक कळायचं नाही.

पहिली मी दिसण्यावर भाळून घेतली. काळीकुट्ट, टोकदार शिंगांची, आणि वर दोन्ही टोकांना तारा कुलूपबंद करणारा तरंगता ब्रिज (ब्रिज म्हणजे तारा गिटारीच्या अंगावर जिथे टेकतात तो धातूचा भाग). विकणारा म्हणाला, "मॅडम, पुढेमागे लागणारच आहे, आत्ताच घेऊन ठेवा." मी मान डोलावली. तरंगत्या ब्रिजमध्ये एकीकडून सहा तारा ओढतात, दुसरीकडून गिटारीच्या पोटातल्या स्प्रिंगा ओढतात आणि ब्रिज मधे तराजूच्या काट्यासारखा अधांतरी. ब्रिजला जोडलेला दांडा दाबून सूर खाली लोळवायचा, सोडला की काटा पुन्हा जागेवर. ज्याला वाजवता येतं त्याला ही मोठी गंमत आहे. मला तेव्हा दोन कॉर्ड येत होत्या, त्यातली एक संशयास्पद.

तिसऱ्या आठवड्यात सगळ्यात बारीक तार तुटली. एका बाजूचा ओढा कमी झाल्याबरोबर स्प्रिंगांनी ब्रिज मागे खेचला आणि उरलेल्या पाचही तारा चढल्या. नवी तार लावून सुरात आणली, तोवर बाकीच्या उतरल्या. त्या चढवल्या, तर नवी उतरली. वरच्या खुंट्या पिळून उपयोग शून्य, कारण तिथे कुलूप. कुलूप उघडायची ॲलन की सोफ्याखाली गेलेली. असे अडीच तास गेले. मुलगी दारात उभं राहून बघत होती. म्हणाली, "आई, तू वाजवतेस कधी?"

म्हणून दुसऱ्या वेळी शिकवणाऱ्या सरांनाच सोबत नेलं. त्यांनी पहिल्यांदा केबल काढून ठेवली. "अ‍ॅम्प नंतर. आधी कोरडी वाजवा." कोरडी म्हणजे काही न जोडता. अ‍ॅम्पचा आवाज चढवला की कुठलीही गिटार पाच मिनिटं भारी वाटते. मग त्यांनी मला गिटारीच्या वरच्या शिंगावर हनुवटी टेकवायला लावली. दुकानात हे करताना लाज वाटली खरी, पण तार छेडली की कंप थेट जबड्यातून कानात जातो आणि कुठली तार कुठे खरखरते ते लख्ख ऐकू येतं. सहाही तारा, प्रत्येक फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर), एकेक सूर. कंटाळवाणं काम आहे, वीसेक मिनिटं लागतात. तरी करा.

दुसरं म्हणजे, मानेच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवायचं. हवा कोरडी झाली की लाकूड आक्रसतं, धातूचे फ्रेट काही आक्रसत नाहीत, मग त्यांची टोकं बाहेर येऊन बोटाला करवतीसारखी लागतात. तिसरं, बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर आणि तिथेच दाबून काढलेला सूर ट्यूनरवर जुळतोय का ते बघायचं. जुळत नसेल तर बहुतेक वेळा ब्रिजवरचे स्क्रू फिरवून जुळवता येतो, त्यामुळे तेवढ्यावरून गिटार नाकारू नका. फ्रेटच झिजलेले किंवा मानच पिळवटलेली असेल तर मात्र सरळ परत ठेवा.

तीन गिटारी अशा कोरड्या वाजवल्या आणि पॅसिफिका घेऊन निघालो.

अंग अल्डर लाकडाचं, मान मेपलची आणि स्क्रूने जोडलेली, फ्रेट २२. घाट फेंडर कंपनीच्या १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीच्या कुळातला, पोटाशी आणि कोपराखाली लाकूड घासून गोलसर केलेलं. शिंगवालीची कड बरगडीत रुतायची, हिचा तास-तास पत्ता लागत नाही. ब्रिज इथेही हलणाराच आहे, पण कुलूप-किल्ली नाही. दांडा मी पहिल्याच दिवशी काढून ठेवला आणि सरांनी मागचं झाकण उघडून स्प्रिंगांचे दोन स्क्रू आवळून ब्रिज अंगावर घट्ट बसवून दिला. आता तार तुटली तर तेवढीच बदलायची, बाकीच्या आपापल्या सुरात. दहा मिनिटांत पुन्हा वाजवायला मोकळी.

नवशिकीला ही गिटार का पटली याचं उत्तर पिकअपमध्ये, म्हणजे तारांचा कंप पकडून अ‍ॅम्पकडे धाडणाऱ्या चुंबकी पट्ट्यांमध्ये आहे. मानेकडे आणि मधे एकेक सिंगल कॉइल, ब्रिजपाशी हंबकर. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकांभोवती बारीक तांब्याच्या तारेचं एक वेटोळं. आवाज स्वच्छ, काचेसारखा, पण घरातल्या विजेची गुणगुणही ते पकडतं. हंबकरमध्ये अशी दोन वेटोळी उलटसुलट जोडलेली असतात, त्यामुळे गुणगुण एकमेकांत विरते आणि आवाज जाड होतो. (गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये ही युक्ती गिटारीसाठी बसवली.) आपल्याला नेमकं काय वाजवायचंय हे सुरुवातीला कुणाला ठाऊक असतं? मी हेवी मेटलच्या नादाने आले आणि आता तासन्‌तास मानेकडचा पिकअप लावून संथ ब्लूज घोळवत बसते. त्यासाठी गिटार बदलावी लागली नाही, पाच घरांचा स्विच सरकवला. शिवाय टोनची कळ वर ओढली की हंबकरचं अर्धंच वेटोळं चालू राहतं आणि तिथेही पातळ, धारदार आवाज मिळतो. घेताना नावातलं शेवटचं अक्षर नीट वाचा. ११२जे मध्ये ही ओढायची कळ नाही.

गुणगुण मात्र येणार. आवाज फाडून वाजवताना सिंगल कॉइलवर गेलं की ती चांगलीच जाणवते. हा त्या पिकअपचा स्वभावच, कुठल्याही नावाची गिटार घ्या. फक्त जड रिफच कुटायचे असतील तर दोन हंबकरची, स्थिर ब्रिजची गिटार जास्त सोयीची.

लहान हातांचं काय? पॅसिफिकाच्या तारांची लांबी नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत ६४८ मिमी, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरइतकीच. गिब्सनच्या लेस पॉल घाटाच्या गिटारींची साधारण ६२८, फेंडरच्याच मस्टँग किंवा जॅग्वारची ६१०. लांबी कमी की फ्रेट जवळ येतात आणि त्याच सुरासाठी तार कमी ताणावी लागते. पहिल्या फ्रेटपाशी चार बोटं फाकवताना मला ते २० मिलिमीटर अजून टोचतात. तरीही हीच घेतली, कारण लेस पॉलछापाची जी हातात आली ती माझ्या खांद्याला झेपेना. मस्टँग त्या दिवशी तिथे नव्हती. असती तर कदाचित हे सगळं तिच्याबद्दल लिहिलं असतं. तारा बारीक घेतल्या, ९-४२ चा संच, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.००९ इंचाची. बोटं सोलणं त्याने बरंच कमी झालं.

सेटअपसाठी, म्हणजे तारांची उंची, मान आणि सूर नीट जुळवून घेण्यासाठी, वेगळे पैसे बाजूला ठेवा. गिटार कुठलीही असो, ती गोदामातून, निरनिराळ्या हवांमधून येते आणि लाकूड त्यात हलतं. माझ्या बाराव्या फ्रेटवर तारा आता जाड बाजूला २ मिमी आणि बारीक बाजूला १.६ मिमी उंच आहेत. याहून खाली आणल्या तर मी जोरात छेडते तेव्हा फ्रेटवर आपटतात. अ‍ॅम्प लहानच घेतला. अट एकच होती, हेडफोनची जागा हवी. भिंतीपलीकडे झोपणारे शेजारी आहेत.

पहिली शिंगवाली भाचा घेऊन गेला. त्याला चार वर्षांचा सराव आहे. परवा आला होता, तो दांडा पार खाली दाबून तारा लुळ्या पाडतो आणि वर सोडताना दात काढून हसतो. "मावशी, एवढी मस्त गिटार दिलीस कशी?" मी त्याला ॲलन की दिली. सोफा हलवला तेव्हा सापडली होती.