पीसीएल-आर: फाइल हातात नसेल तर संच उघडू नका

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची ‘सायकोपथी चेकलिस्ट-रिव्हाइज्ड’ म्हणजे पीसीएल-आर (1991, दुसरी आवृत्ती 2003) सायकोपथी, म्हणजे पश्चात्ताप आणि सहानुभूती नसलेला, इतरांना वापरून घेणारा स्वभाव, मोजते. ती मॅन्युअल, मुलाखतीची पुस्तिका आणि गुणपत्रिका अशा संचात मिळते. नावात ‘चेकलिस्ट’ असली तरी टिकमार्क करून मोकळं होण्यातलं हे काम नव्हे. मुद्दे 20, प्रत्येकाला 0, 1 किंवा 2 गुण, एकूण 40. मुलाखतीला दीड-दोन तास लागतात आणि तुरुंगाची, कोर्टाची कागदपत्रं वाचायला आणखी तासभर.

खरा भार कागदपत्रांवरच. सहावा मुद्दा घ्या, पश्चात्तापाचा अभाव. समोरचा कैदी डोळ्यांत पाणी आणून ‘फार वाईट वाटतं’ म्हणतो. मग विचारायचं, ‘ज्याच्यावर गुन्हा केलात, त्याच्या घरच्यांचं काय झालं?’ उत्तर आपल्या जामिनावर आणि गेलेल्या नोकरीवर घसरलं की पेन्सिल 2 कडे वळते. त्याला दुजोरा फाइलच देते. नुसत्या मुलाखतीवर गुण दिलेत, तर गोड बोलणारा तुम्हालाच गुंडाळतो, आणि गोड बोलणं हा तर पहिलाच मुद्दा आहे! माहिती अपुरी असेल तिथे जास्तीत जास्त 5 मुद्दे सोडता येतात. अंदाजाने 1 देऊन टाकणं ही सर्रास होणारी चूक.

सायकोपॅथ ठरवण्यासाठी उत्तर अमेरिकेत 30 ही रेघ, युरोपात बऱ्याचदा 25. पण एका मूल्यमापकाच्या गुणांत सुमारे 3 गुणांची चूक गृहीत धरावी लागते. म्हणजे 28 आणि 31 मधल्या फरकावर कुणाचं भवितव्य ठरवणं धोक्याचंच. 2013 च्या एका प्रयोगात शंभराहून अधिक तज्ज्ञांना एकाच कैद्यांच्या फायली दिल्या. सरकारी पक्षाने नेमलंय असं वाटलेल्यांचे गुण बचाव पक्षाकडच्यांपेक्षा जास्त निघाले.

मेंदूच्या अभ्यासांत हीच पट्टी वापरतात. ग्लेन, रेन आणि शुग यांच्या 2009 च्या एफएमआरआय (मेंदूतली हालचाल दाखवणारं स्कॅन) अभ्यासात 17 जण होते. भावना ढवळणाऱ्या नैतिक पेचांवर विचार करताना, जास्त गुण असलेल्यांच्या अमिग्डलात (मेंदूतला भावनांशी जोडलेला भाग) हालचाल कमी दिसली. गंमत म्हणजे त्यांची उत्तरं इतरांहून फारशी वेगळी नव्हती. योग्य-अयोग्य कळत होतं, आत काही हलत नव्हतं, असा त्याचा अर्थ लावतात. तो गटाचा निष्कर्ष आहे. एका कैद्याचं स्कॅन दाखवून ‘हा सायकोपॅथ’ म्हणता येत नाही, आणि 32 गुणांवरून अमिग्डलाबद्दल बोलता येत नाही.

संशोधनासाठी संच जरूर घ्या. दोन प्रशिक्षित मूल्यमापकांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि सरासरी काढावी, चूक सुमारे 2 वर येते.